जड पाण्यातला हंगाम

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला लागतो आणि कारखान्याचा भोंगा वाजतो. आमच्या कोपरगाव पट्ट्यात ऋतू तसे दोनच, गळीत सुरू असतानाचा आणि बंद असतानाचा. सुरू झालं की दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर धुराड्याची काळी राख येऊन बसते. हवेला मळीचा आंबूसगोड वास येतो. उसाच्या ट्रॉल्या मोठ्यानं गाणी लावून रस्ताभर डुलत जातात आणि मागं सांडलेली कांडी शाळेतून येणारी पोरं उचलतात. मी दर वर्षी त्या राखेवर चिडते, आणि दर वर्षी कपडे तिथंच वाळत घालते.

यंदाचा भोंगा झाला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. आमचे केमिस्ट, म्हणजे माझे यजमान, कारखान्याच्या प्रयोगशाळेतून केव्हाच निवृत्त झाले, पण भोंगा ऐकला की अजून घड्याळाकडे बघतात. बघून झालं. मग उठले, माशांच्या टाकीपाशी गेले, पाण्यात कागदाची पट्टी बुडवली आणि खिडकीच्या उजेडाला धरून तिचा रंग न्याहाळत राहिले. चष्मा कपाळावर, ओठांचा चंबू. माझ्या हातातली मेथीची काडी हातातच राहिली, आणि मी सरळ त्या हंगामात जाऊन पोचले, ज्या हंगामात अशू आमच्याकडे राहायला होती.

अशू माझ्या धाकट्या बहिणीची, सुमनची मुलगी. आमचं माहेर अकोले तालुक्याच्या डोंगरातलं राजूर, आणि सुमनला दिलीही त्याच गावात. अशू तेव्हा पाचवीत होती. सुमनच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती आणि वर त्या झडपेलाच जंतुसंसर्ग झाला. नाशिकचे डॉक्टर म्हणाले, आधी ताप उतरवू, मग ऑपरेशन. ताप कधी उतरेल ते कुणी सांगेना. अशूचे वडील दवाखान्यात सुमनच्या उशाशी, मग पोरीला बघणार कोण? आम्हाला मूलबाळ नाही. "तिला आमच्याकडं पाठवा," असं मी फोनवर म्हटलं ते काळजीपोटीच, पण फोन ठेवल्यावर मी पलंगपोस बदलले, कपाटातला एक कप्पा रिकामा केला, आणि ते करताना मला फार बरं वाटत होतं.

वडील तिला एसटीनं सोडायला आले. तिच्या पाठीला दप्तर आणि हातात दुधाची किटली, तोंडाला ओला पंचा बांधलेली. मला वाटलं गावाकडचं दूध असेल. मी हात पुढं केला तर तिनं किटली पोटाशी धरली.

"मावशी, हळू. मासळ्या हायेत."

पंचा सोडला. आत बोटाच्या पेराएवढ्या, अंगावर निळसर पट्टा असलेल्या मासळ्या गोल गोल फिरत होत्या. मी त्यांना लगेच ओळखलं. घरामागच्या ओढ्यात मी आणि सुमन असाच पंचा धरून त्या पकडायचो आणि संध्याकाळी परत सोडायचो. किटलीच्या पाण्याला ओढ्याचाच वास होता, ओल्या दगडांचा आणि कुजलेल्या पाल्याचा. कितीतरी वर्षांनी तो वास माझ्या नाकाशी आला आणि मला सुमनची इतकी आठवण आली की मी चहा टाकायला आत निघून गेले.

"आईनं दिल्यात," अशू मागून सांगत होती. "म्हनली, या नीट सांभाळ, तवर मी येतेच."

सुमन काय, रडवेल्या पोरीच्या हातात काहीतरी द्यायचं म्हणून बोलून गेली असणार. सगळ्याच आया असं बोलतात. मी ते तेवढ्यावर सोडून दिलं.

आता आमच्या पाण्याविषयी सांगायला हवं. लग्न होऊन मी कोपरगावात आले तेव्हा माझं पहिलं भांडण कुठल्याही माणसाशी नव्हे, बोअरच्या पाण्याशी झालं. राजूरच्या पाण्यात साबण लावला की अंगावरून निघता निघत नाही, इथं फेसच येत नाही. डाळ तासभर उकळली तरी दाणा न् दाणा वेगळा. बादलीला पांढरा थर, केस खराट्यासारखे, चहाला भलतीच चव. सासूबाई म्हणायच्या, "पानी जड हाय गं आपलं. चिमटीभर सोडा टाक, शिजंल." पुढं यजमानांनी मला शास्त्र समजावलं, पाण्यात चुन्याचे क्षार विरघळलेले असले की ते जड होतं वगैरे. शास्त्र कळलं म्हणून डाळ काही लवकर शिजली नाही.

या पाण्यात सुखानं राहणारं घरात एकच कुटुंब होतं, ते म्हणजे टाकीतल्या गप्पी माशांचं. डास होऊ नयेत म्हणून डबक्यात सोडतात तेच हे मासे. त्यांना जड पाणी आवडतंच, आणि त्यांची पिल्लावळ सारखी वाढत होती. त्यामुळे मासे पाळण्यात आपला हात कुणी धरणार नाही, अशी आमच्या केमिस्टांची ठाम समजूत होती. त्यांनी गप्पींना टबात हलवलं, टाकी घासून पुसून अशूच्या मासळ्यांसाठी मोकळी केली, आणि मग खिशातून पट्ट्यांची डबी काढली.

किटलीत बुडवलेली पट्टी पिवळसर हिरवी झाली. नळाच्या पाण्यातली गडद निळीकडं गेली.

"अशू, हा पीएच. शेतातल्या मातीच्या तपासणीत सामू म्हणतात ना, तोच. सात म्हणजे मधोमध. तुझ्या ओढ्याचं पाणी सातच्या खाली आहे, आपलं बरंच वर. या पाण्यात त्या जगायच्या नाहीत. पाणी बदलायला पाहिजे."

"बदलतं पानी?" अशूनं डोळे मोठे करून विचारलं.

"मी काय करतो कारखान्यात दिवसभर?"

खरंच ते दिवसभर तेच करत. उसाचा रस आंबट असतो. त्यात चुन्याची निवळी सोडायची, गंधकाचा धूर सोडायचा, आणि पट्टी सातवर आणून ठेवायची, म्हणजे साखर पांढरी होते. नळातून रस अखंड येत असतो, त्यामुळे हातालाही थांबायची सवय नसते. वर गेलं, खाली आणा. खाली गेलं, वर न्या. या कामात त्यांचं नाव होतं, आणि मला त्याचा अभिमानही होता.

दुसऱ्याच दिवशी कारखान्यातून कॅन भरून बॉयलरचं पाणी आलं. बॉयलरच्या नळ्यांत थर साचू नये म्हणून तिथं पाणी मऊ करून घेतात. त्यांनी अशूला जेवणाच्या टेबलावर गंमत दाखवली. एका बाटलीतले थेंब टाकले तर आमचं जड पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल झालं, आणि कॅनमधलं पाणी स्वच्छ निळं. "निळं म्हणजे मऊ," ते म्हणाले. अशूनं टाळ्या वाजवल्या. घरात आल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती, आणि त्या हसण्यापुढं आम्ही दोघंही पार विरघळून गेलो.

मासळ्यांना मात्र ते पाणी मानवलं नाही. त्या टाकीच्या एका कोपऱ्यात पर मिटून गोळा झाल्या. कारण अगदी साधं होतं, पण ते आम्हाला उशिरा उमगलं. बॉयलरसाठी पाणी मऊ करतात म्हणजे त्यातला चुना काढून घेतात आणि मिठातला सोडियम त्याच्या जागी बसवतात. नळीला तेवढं पुरतं. माशाला पुरत नाही, कारण पीएच जिथं होता तिथंच राहतो. पट्टी पुन्हा निळी. मग आमच्या केमिस्टांनी पाण्यात आम्लाचे थेंब टाकले. पट्टी सातवर आली. सकाळी बघतात तर पुन्हा वर. पुन्हा थेंब. संध्याकाळी पुन्हा वर. पाण्याच्या पोटात जो क्षार दडलेला होता तो आम्ल गिळून टाकायचा आणि परत आपल्या जागी येऊन बसायचा. हे चिडायचे, थेंब वाढवायचे. कारखान्यातला हात तो. पाणी सारखं वरखाली होत होतं, आणि त्या वरखालीत मासळ्या एकेक करून गेल्या. सगळ्या नाहीत, पण गेल्या.

अशू रडायची नाही. गेलेली मासळी हातावर घेऊन तगरीखाली खड्डा करून पुरायची. जेवायला बसली की भाकरीचे तुकडे ताटात इकडून तिकडं सरकवायची. संध्याकाळी वडिलांचा फोन यायचा. "ताप हाय अजून," ते सांगायचे. फोन ठेवला की ती थेट टाकीपाशी जायची, काचेला नाक लावायची आणि बोट नाचवत मासळ्या मोजायची. मला वाटायचं, पोरीला माशांचा लळा आहे.

एका दुपारी मी मागच्या दाराशी गहू निवडत होते आणि ती आत एकटीच बोलत होती. आधी मला वाटलं, कविता पाठ करतेय.

"मरू नका गं आता. तुमी समद्या मेल्या तर आई येनार न्हाई. तिनं सांगितलंय, मासळ्या सांभाळ, तवर मी येते. आता लई थोड्या राहिल्यात तुमी."

मी हातातलं सूप खाली ठेवलं. सुमन एक वाक्य बोलून दवाखान्यात गेली होती आणि या पोरीनं त्या वाक्याचा करार करून टाकला होता. ती मासळ्या मोजत नव्हती, आईचे दिवस मोजत होती. इतके दिवस ती आमच्यात वावरत होती, शाळेत जात होती, माझ्याकडून वेणी घालून घेत होती, आणि हे ओझं एकटी वागवत होती. मला तिचा इतका कळवळा आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. मी तिला जवळ घेऊन सांगितलं, माशांचा आणि आईचा काही संबंध नसतो गं. ती "व्हय" म्हणाली. मोठ्या माणसांचं मन राखायला मुलं म्हणतात तसलं ते होतं.

यजमान घरी आल्यावर मी त्यांना ते सांगितलं. वर तणतणलेही, "तुमचा उसाचा रस नाहीये हा. हात जरा आवरा." त्यांनी बाटली कपाटात ठेवली, टाकीसमोर खुर्ची घेऊन बसले. माणूस बोलला नाही की मला जास्त लागतं. मग मीच त्यांना चहा नेऊन दिला.

अशू त्यांच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली. मग ती सहज म्हणाली, "काका, आमच्या वढ्यात तळाला पाला असतो. पानी असं चहावानी दिसतं थंडीत. हितं किती पांढरं हाय."

त्यांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं. खिडकीबाहेर कॉलनीतलं बदामाचं झाड होतं. पौषात त्याची पानं लाल होतात आणि अंगणभर पडतात, आणि मी ती झाडून झाडून वैतागते. दोघंजण बाहेर गेले आणि ओंजळी भरून वाळकी पानं घेऊन आले. त्या वेळी त्यांनी घाई केली नाही, याचं मला आजही नवल वाटतं. आधी पुस्तकं काढली. मग घरातल्या आरओ मशीनचं पाणी साठवायला घेतलं, कारण त्यात तो हट्टी क्षार नसतो, आणि तो असेपर्यंत पाल्याचं काही चालत नाही. त्यात थोडं बोअरचंही मिसळलं, आणि पाल्याचा आंबटपणा उतरावा म्हणून पानं त्यात भिजत घातली.

"थोडं जड पाणी कशाला?" मी विचारलं.

"अगदी मोकळं पाणी कशानंही घसरतं. त्याला धरून ठेवायला थोडा जडपणा लागतो."

हे ते पाण्याबद्दल बोलत होते. त्यांना पाण्याखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलायची सवय नाही. पण मी ते लक्षात ठेवलं आहे, कारण मी स्वतःही या गावच्या जड पाण्यावरच इतकी वर्षं धरून राहिले आहे.

आणि मग सुरू झालं ते सगळ्यात अवघड काम. रोज एकच तांब्या. टाकीतलं एक तांब्या पाणी काढायचं, नवं एक तांब्या पाणी काठानं हळूहळू सोडायचं. त्याहून जास्त नाही. शाळेतून आली की दप्तर टाकून अशू तांब्या घ्यायची, आणि आमचे केमिस्ट मागं हात बांधून उभे राहायचे. शब्दशः बांधून. पाठीमागं त्यांची बोटं चुळबुळ करताना मला दिसायची. पाणी दिवसेंदिवस तांबूस होत गेलं, उन्हात मधासारखं दिसायला लागलं. पट्टी निळ्याची हिरवी झाली, हिरव्यात पिवळी झाक आली आणि तिथंच टिकली. मासळ्या कोपरा सोडून बाहेर आल्या. त्यांचे पट्टे असे उजळले की पाहुणे विचारायचे, या कुठून विकत आणल्या. आणि अशू एक भाकरी अख्खी जेवली.

परवा अशूचा पुण्याहून फोन आला होता. नोकरीला आहे तिथं. "मावशी, काका अजून पट्टी बुडवतात का?" म्हणून हसत होती. बुडवतात म्हटलं. आता टाकीत पुन्हा गप्पीच आहेत, त्यांना पट्टीची काही गरज नाही, तरी बुडवतात. तिच्या मासळ्या त्या वर्षीच्या होळीला तिच्याबरोबर परत गेल्या. पण त्याआधी एक शनिवार यायचा होता.

सुमनचा ताप उतरला आणि शनिवारी सकाळी ऑपरेशन ठरलं. अशूची शाळा सकाळची. जाताना तिनं मासळ्या मोजल्या. दुपारी मी पुढच्या खोलीत आले तर एक मासळी पाण्यावर आडवी तरंगत होती. पाणी छान होतं. बाकीच्या मजेत होत्या. ही मागच्याच वरखालीत कुठंतरी आतून दुखावलेली असावी आणि तिचे दिवस आता भरले असावेत. यजमानांची दुसरी पाळी होती, ते घरीच होते. त्यांनी घाईनं जाळी उचलली.

"काढून टाकतो. ती यायच्या आत."

"ती मोजते," मी म्हटलं. "राहू द्या."

तेवढ्यात फाटक वाजलं. ती आली, टाकीकडं बघितलं, आणि दप्तरासकट खाली बसली. नाशिकहून अजून काहीच कळलं नव्हतं.

"मावशी, आता आईचं काय?"

मला देव बरं करील असं म्हणायची हिंमत नव्हती. मी नुसती तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. तेव्हा आमचे केमिस्ट गुडघे धरत तिच्यासमोर जमिनीवर बसले. उभ्या आयुष्यात मी त्यांना चूक कबूल करताना पाहिलं नव्हतं, पाटावर मीठ सांडलं त्याचीसुद्धा नाही.

"अशू, ही मासळी माझ्यामुळं मेली. मी पाण्याची घाई केली. आधीच्याही माझ्यामुळंच गेल्या. तू एकदाही चुकली नाहीस. तू सांभाळायचं तेवढं सांभाळलंस. ऐकतेस ना? तुझ्याकडून काही राहिलं नाही."

त्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. दिवेलागणीला फोन आला. ऑपरेशन झालं होतं, सुमन अजून शुद्धीवर नव्हती. दुसरा दिवस तसाच गेला. अशू टाकीकडं फिरकली नाही. तिचा तांब्या यजमानांनी घातला, आणि अर्धं पाणी काचेवरून खाली सांडलं. मी स्वयंपाक केला आणि झाकून ठेवला. घरात लांबून कारखान्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

त्यानंतरच्या सकाळी मोबाईल वाजला. अशूचे वडील म्हणाले, "आक्का, पोरीला द्या. हिला बोलायचंय." मी फोन तिच्या कानाला लावला आणि स्वतःही कान जवळ नेला. पलीकडून श्वास ऐकू आला. मग सुमनचा आवाज, सुतासारखा बारीक.

"अशू..."

अशूनं ओठ घट्ट मिटले. मग एका दमात म्हणाली, "आई, तू दिल्याली मासळी मेली गं. शनवारीच मेली. लई मेल्या."

सुमनला काही कळलं असेल की नसेल, कोण जाणे. इतक्या औषधांतून, इतक्या लांबून.

"मरू दे गं बाई," ती म्हणाली. "मी हाय न्हवं."

अशूनं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि आमच्या घरी आल्यापासून पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली, कॉलनीतल्या शेजारणी दारात येऊन उभ्या राहाव्यात इतक्या मोठ्यानं. आम्ही दोघं तिच्या दोन्ही बाजूंना बसून राहिलो, आणि दोघांपैकी कुणीही तिला गप्प केलं नाही.